बॅटरी बदलण्याआधी वायर सोलून बघा

तीन हंगामांत मी होडीच्या दोन बॅटऱ्या बदलल्या. दोन्ही वेळा दुकानदार खूश, मी आठवडाभर खूश, आणि मग पुन्हा तेच. रात्री जाळं पाण्यात टाकून बसलो की दिवे पिवळे पडायला लागायचे. सेल्फ मारला की जीपीएस विझून परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. बिल्ज पंप, म्हणजे तळातलं पाणी उपसणारा, तर दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. शेवटी यंदा जुलैमध्ये सगळी वायरिंग उपटून नव्याने करून घेतली. ज्यांनी केली त्यांच्याबद्दल लिहायचं तेव्हाच मनात होतं, पण म्हटलं अर्धा हंगाम जाऊ दे. पहिल्या आठवड्यात कुणाचीही वायरिंग चांगलीच चालते.

आधी होडीबद्दल, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. दापोलीजवळच्या पाजपंढरीची 28 फुटी फायबर होडी, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, सेल्फ स्टार्ट. आम्ही गिलनेटवाले, म्हणजे मासा कल्ल्यात अडकतो ते जाळं टाकणारे, चार माणसं. संध्याकाळी निघायचं, रात्रभर जाळ्यावर राहायचं आणि सकाळी हर्णैला लिलावाला माल द्यायचा. म्हणजे विजेची खरी गरज इंजिन बंद असताना, रात्रीचीच.

जुनी वायरिंग सात-आठ वर्षांपूर्वी एका घरगुती वायरमनने केली होती. त्याने घरात घालतात तीच वायर घातली, तसेच पीळ मारले आणि वर काळी टेप गुंडाळली. तेव्हा स्वस्तात झालं म्हणून मीच शाबासकी दिली होती, त्यामुळे आता त्याला नावं ठेवायला तोंड नाही. त्यातून 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. होड्या आंजर्ल्याच्या खाडीत आत नेऊन बांधल्या होत्या, तरी आमची दोन दिवस अर्धी पाण्यात होती. नंतर आम्ही इंजिन उतरवलं, धुतलं, तेल बदललं. वायरिंग मात्र उन्हात वाळवली आणि तशीच वापरायला घेतली. चूक तिथे झाली, हे कळायला पाच वर्षं लागली.

आता चाचांबद्दल, म्हणजे ज्यांनी नवी वायरिंग केली ते. नाव आणि नंबर लिहू का म्हणून विचारलं तर त्यांनी हातच जोडले, "आत्ताच कामं आवरत नाहीत, नाखवा." त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन म्हणून गेली, आणि निवृत्त झाल्यावर होड्यांची कामं घ्यायला लागले. माणूस कमी बोलतो, आणि जेवढं बोलतो त्यातलं अर्धं टोमण्यात जातं.

पहिल्या दिवशी आले ते रिकाम्या हाताने, खिशात फक्त मीटर. मी लगेच विचारलं, "चाचा, बॅटरी कुठली घेऊ? लिथियमची घेऊ का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. बॅटरीवर मीटर लावला, 12.6 व्होल्ट. "बॅटरी भरलेली आहे," म्हणाले. मग मला पंप चालू करायला लावला. पंप चालू असताना बॅटरीवर 12.4 आणि पंपाच्या तोंडाशी 10.7. मधले 1.7 व्होल्ट गेले कुठे? मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पंपाच्या प्लसवर धरली. एकाच तारेची दोन टोकं, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. आला 1.1. मायनसच्या बाजूने तसंच केलं, 0.6. "दोन्ही मिळून किती? तेवढी वीज तुमची वायर खाते. पंपाला उरलंसुरलं."

ही तपासणी कुणीही करू शकतो, तीनशे-चारशेच्या मीटरवर होते. फक्त एक ध्यानात ठेवा, पंप किंवा दिवा चालू असतानाच मोजायचं. बंद असताना मोजलं तर सडलेली वायरसुद्धा 12.6 दाखवते, आणि आम्ही इतकी वर्षं तेच करत होतो.

मग त्यांनी पक्कड घेऊन पंपाची वायर कापली आणि सोलली. आत तांबं नव्हतंच म्हणा ना. काळी पूड. "टोकाला असेल," मी म्हटलं. त्यांनी अजून एक वीत मागे सोलली, तरी काळीच. हातभर मागे गेले तेव्हा कुठे काळपट लाल रंग दिसला. दोन बोटांत धरून जरा ओढली तर धागे तुटून हातात आले. खारं पाणी उघड्या टोकातून शिरतं आणि बारीक तारांच्या मधून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आत चढत जातं. वरचं प्लास्टिक लालचुटुक, नवंकोरं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

बॅटऱ्या का मेल्या तेही त्याच दिवशी कळलं. इंजिन चालू केल्यावर डायनामोच्या तोंडाशी 14.2 आणि बॅटरीवर जेमतेम 13.2. चार्जिंगची वायरही तशीच. म्हणजे बॅटरी कधीच पूर्ण भरत नव्हती. शिशाची बॅटरी अर्धी भरलेली ठेवली की तिच्या पाट्यांवर सल्फेटचा थर बसतो, तो घट्ट होतो आणि मग ती भरायचं नावच घेत नाही. "बॅटऱ्या मेल्या नाय, तुम्ही मारल्या," चाचा म्हणाले. दोन बॅटऱ्यांचे पंधरा हजार डोळ्यांसमोरून गेले. आमच्या बाबांनी ते ऐकलं आणि आजपर्यंत जेवताना मधूनच काढतात.

दुसऱ्या दिवशी बॅटरी किती मोठी हवी याचा हिशेब झाला, तोही फळीवर खडूने. रात्र बारा तासांची धरली. जीपीएस आणि मासा दाखवणारा फिश फाइंडर मिळून 1 अँपिअर, म्हणजे रात्रीचे 12 अँपिअर-तास. व्हीएचएफ, म्हणजे बोलायचा रेडिओ सेट, नुसता ऐकत ठेवला तर अर्धा, म्हणजे 6. नियमाचे दिवे, म्हणजे रात्री दुसऱ्या होड्यांना दिसायला लावतात ते, सगळे एलईडी करून 1, म्हणजे 12. जाळं ओढताना डेकवरचे 18 वॅटचे दोन दिवे, 3 अँपिअर, तीन तास, 9. पंप रात्रभरात तासभर चालला तर साडेतीन. मोबाइल चार्जिंगचे अडीच. बेरीज 45. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हा त्यांचा नियम, म्हणून 100 अँपिअर-तासांची. मी आधी 150 ची घ्यायला निघालो होतो. दिवे पूर्वीचेच ठेवले असते तर 100 ची पुरली नसती, कारण 55 वॅटचे दोन हॅलोजनच 9 अँपिअर ओढायचे. (एलईडी म्हटलं की हल्ली लोक दचकतात. प्रखर एलईडी लावून मासे गोळा करून पकडायला केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली, ती वेगळी गोष्ट. हे आपले जाळ्यातून मासा सोडवायला डेकवरचे दिवे.)

लिथियमला चाचांनी नाही सांगितलं, आणि कारणही दिलं. ती हलकी असते, जवळजवळ पूर्ण वापरता येते, सगळं खरं. पण ती रिकामी झाली की डायनामोकडून एवढा करंट ओढते की डायनामो तापून जळू शकतो. शिवाय तिच्या आतल्या सर्किटने चालू इंजिनात अचानक जोड तोडला तर डायनामोचे डायोड उडतात. मधे वेगळा चार्जर बसवला तर जमतं, पण तो खर्च धरला तर माझ्या बजेटच्या बाहेर. उंच ट्युब्युलर इन्व्हर्टर बॅटरी बऱ्याच होड्यांवर दिसते. तिलाही ते नाही म्हणाले. होडी लोळायला लागली की वरच्या बुचातून आम्ल सांडतं, आणि तळात पाणी भरून खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरिन वायू सुटतो. बंद केबिनमध्ये तो घशाला लागला तर पळायला जागा नाही. म्हणून सीलबंद घेतली. तीस किलोच्या आसपास वजन, दोघांनी उचलून ठेवावी लागते.

जुनी बॅटरी, जी त्यातल्या त्यात बरी होती, ती फक्त सेल्फसाठी ठेवली. नवी बाकी सगळ्यासाठी. मधे एक रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साडेतेराच्या आसपास गेलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, म्हणजे दोन्ही भरतात. इंजिन बंद झालं की वेगळ्या करतो. त्यामुळे रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी सेल्फला हात लावताना देव आठवत नाही. अडचणीच्या वेळी दोन्ही हाताने जोडायला एक खटका आहे. तो अजून वापरावा लागलेला नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ती वायर. चाचांनी साधी वायर आणूच दिली नाही. म्हणाले, कल्हईची आण. मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच, या वायरमधल्या तांब्याच्या प्रत्येक तारेवर कथलाचा थर असतो, आजीच्या तपेल्याला कल्हईवाला लावायचा तेच कथील. तांबं हिरवं पडू नये म्हणून तपेल्याला, तसंच वायरला. सोलली की आत चांदीसारखी पांढरी दिसते. दापोलीत मिळाली नाही. आतेभाऊ मुंबईला असतो, त्याने लोहार चाळीत फिरून घेतली आणि येणाऱ्या एसटीत ठेवून दिली. साध्या वायरच्या जवळजवळ दुप्पट भाव. पंपाला चार एमएम, बॅटऱ्यांना त्याहून जाड. जाड कशाला म्हणाल, तर 12 व्होल्टच्या कामात घरासारखी चैन नाही. अडीच एमएमच्या वायरमधून आठ मीटर लांब 10 अँपिअर न्यायचे तर जाऊन-येऊन सोळा मीटर होतात आणि सव्वा व्होल्टच्या जवळपास वाटेतच संपतो. घरात 230 मधला एक व्होल्ट गेला तर कुणाला कळणार? इथे दहावा हिस्सा जातो.

सांधे करताना मी शेजारी बसून होतो. होडी शाकारलेली, वर पाऊस, आत आम्ही दोघं आणि चहाचा थर्मास. प्रत्येक टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, तो हायड्रॉलिक पक्कडीने दाबलेला, वर आतून गोंद असलेली नळी. ती बारक्या गॅसच्या ज्योतीने तापवली की आवळत जाते आणि दोन्ही कडांनी गोंदाचा बारीक मणी बाहेर येतो. तो मणी सगळ्या बाजूंनी दिसला नाही तर चाचा सांधा कापून टाकायचे. एका सांध्याला तीनदा कापलं, आणि तीनदा माझी वीतभर महाग वायर गेली. मी म्हटलं सोल्डर मारून टाका की. तर म्हणाले, सोल्डर वायरमध्ये जिथपर्यंत झिरपतं तिथपर्यंत ती काडीसारखी ताठ होते, आणि इंजिनच्या थरथरीने बरोबर त्याच कडेला तुटते. प्रत्येक लग लावल्यावर ते वायर धरून चांगला हिसका द्यायचे. सुटली तर आत्ता सुटू दे, म्हणायचे.

अजून एक बारीक गोष्ट, जी मी आता सगळ्यांच्या होडीत जाऊन बघतो. वायर खटक्याकडे वरून सरळ उतरवायची नाही. आधी खाली नेऊन झोळ द्यायचा आणि मग वर चढवून जोडायची. वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, जोडापर्यंत पोचत नाही. शून्य रुपयांचं काम.

फ्यूज सगळ्यांना माहीत असतो, पण मला वाटायचं तो यंत्र वाचवायला. तो वायर वाचवायला. म्हणून मोठा फ्यूज बॅटरीपासून वीतभरातच लावलाय, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला राखणदार नसतो. तिथेच वायर घासून शॉर्ट झाली तर ती लाल होईपर्यंत बॅटरी करंट देत राहते, आणि खाली डिझेल. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये फ्यूज होता, छताला, पॅनेलवर, बॅटरीपासून नऊ-दहा फुटांवर. आता आठवलं की अंगावर काटा येतो. बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच मुख्य कटऑफच्या, म्हणजे सगळी वीज तोडणाऱ्या खटक्याच्या, आधीच जोडलाय, त्याला वेगळा छोटा फ्यूज. कटऑफ करून घरी आलो तरी नांगरावरच्या होडीत पाणी चढलं तर पंप आपला आपण चालू होतो. सप्टेंबरात एका रात्री धो धो पडला, सकाळी जाऊन बघतो तर बऱ्याच होड्यांत पोरं डबे घेऊन पाणी उपसत होती. आमचा तळ ओलसर, बस.

नियमाच्या दिव्यांचंही त्यांनीच नीट करून दिलं. गिलनेटला वर लाल, खाली पांढरा. आमचा उलटा होता. इतकी वर्षं समुद्रात कुणी हटकलं नाही, हेच नवल.

आता तक्रारी, कारण नुसतं गोड लिहिलं तर चाचांनी मासे देऊन लिहून घेतलं म्हणाल.

एक म्हणजे वेळ. चार दिवसांचं काम, लागले अकरा. मधे तीन दिवस पत्ताच नाही. एका ट्रॉलरवाल्याचा फोन आला आणि गेले तिकडे, सांगूनसुद्धा नाही. 31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी उठायची होती, पोरं कामावर आलेली, आणि माझ्या होडीत वायरींचा गुंता तसाच. मी दोनदा घरी जाऊन आलो. दोन्ही वेळा चाचींनी सरबत पाजून परत पाठवलं, त्यामुळे भांडताही आलं नाही.

दुसरं, खटके. वायरीत एवढा चोखंदळ माणूस, पण पॅनेलवर गाडीतले साधे खटके बसवले. मी तेव्हाच म्हटलं होतं रबरी टोपीवाले घ्या. "होतंय की," म्हणाले. डिसेंबर उजाडायच्या आत डेकच्या दिव्याचा आणि हॉर्नचा खटका गंजून जाम. बोलावल्यावर आले, बदलून दिले, मजुरी घेतली नाही, पण नव्या खटक्यांचे पैसे मीच दिले. हे मला पटलेलं नाही, त्यांनाही तोंडावर सांगितलंय.

बॅटरीचा पट्टाही त्यांनी नुसता नायलॉनचा लावला. पहिल्याच उधाणात बॅटरी चार बोटं सरकली. आता मी खाली लाकडी पट्ट्या ठोकून चौकट केलीय. आणि व्हीएचएफच्या अँटेनाची केबल "माझं काम नाही" म्हणून हातही लावला नाही. ती अजून जुनीच आहे, संकटात हाक द्यायच्या 16 नंबर चॅनेलवर आवाज खरखरतो. पण आता व्होल्टेज तरी पुरेसं पोचतं. बोलताना सेट पाच-सहा अँपिअर ओढतो, आणि पूर्वी नेमका तेव्हाच बंद पडायचा, म्हणजे गरज पडली असती तेव्हाच. मोबाइलला रेंज असेपर्यंत कोस्ट गार्डचा 1554 आहे, पण आम्ही जिथे जाळं टाकतो तिथे रेंज कुठली?

बिल मिळत नाही. गॅरंटी तोंडी. वायरिंगचा नकाशाही मागून घ्यावा लागला. त्यांनी सिगरेटच्या पाकिटाच्या मागे काढून दिला, माझ्या लेकीने तो चित्रकलेच्या वहीत नीट रंगवून लॅमिनेट करून आणला. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबरच्या बारीक बांगड्या आहेत, नकाशावर तेच नंबर. हे मात्र झकास. ऑक्टोबरमध्ये पुढचा दिवा गेला तेव्हा खलाशी पोराने टॉर्चच्या उजेडात सात नंबर शोधून पाच मिनिटांत फ्यूज बदलला, मला उठवलंसुद्धा नाही.

खर्च विचारणारच, म्हणून सांगतो. बॅटरी 10,800. वायर 6,400. लग, नळ्या, क्लिपा 1,900. रिले, कटऑफ, फ्यूज, पट्ट्या आणि खटके मिळून 5,600. चाचांची मजुरी 9,000. एकूण 33,700, दिवे धरले नाहीत. मजुरी आमच्याकडच्या मानाने जास्तच आहे. जुना वायरमन तीन हजारांत करून देतो म्हणाला होता.

परवा पुन्हा मीटर लावून बघितला, पंप चालू ठेवून. बॅटरीवर 12.5, पंपाशी 12.2. सेल्फ मारला, जीपीएस जागचा हलला नाही. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "मग त्या दोन बॅटऱ्या?"

पाच तारे नाही देणार. चार देतो, एक खटक्यांचा आणि त्या तीन दिवसांचा कापला. कुणाला काम करून घ्यायचं असेल तर दापोली डेपोसमोरच्या चहावाल्याकडे "होडीवाले चाचा" म्हणून विचारा, तो निरोप देतो. मे संपायच्या आत बोला, जूनमध्ये रांग लागते. वायर तुम्हीच आणून ठेवा आणि खटके रबरी टोपीचेच घ्या, ते नको म्हणाले तरी. आणि सोमवारी येतो म्हणाले तर गुरुवार धरा.